सतरा नंबरचा शिक्का

माझ्या सासूबाईंनी आजवर माझ्या तीन वस्तू नापास केल्या आहेत. माहेरून आणलेली इस्त्री, ऑफिसात बक्षीस मिळालेला मिक्सर आणि माझा नवरा. पहिल्या दोन वस्तू माळ्यावर गेल्या. तिसरी मूळ त्यांच्याच घरची असल्यामुळे परत कुठे करायची हा प्रश्न आहे, असं त्या स्वतः सांगतात आणि नवरा समोर असला तर जरा मोठ्याने सांगतात.

नापास करायची त्यांची पद्धत ठरलेली आहे. महिन्याचा पहिला रविवार आला की चहाचा कप विसळून ठेवायचा, बाह्या सरसावायच्या, माझ्या नेलपॉलिशच्या दोन बाटल्या उचलायच्या आणि घरभर फिरायचं. इस्त्रीची वायर जिथे वाकते तिथे त्या दोन बोटांनी चाचपतात. कुकरची शिट्टी उजेडाकडे धरून तिच्या भोकातून आरपार बघतात. गिझर, गॅसची नळी, टॉर्च, शिडीची प्रत्येक पायरी, दाराची कडी, सगळ्यांची हजेरी होते. वस्तू ठीक असेल तर हिरवा ठिपका, नसेल तर लाल. लाल ठिपका लागला की वस्तू त्या क्षणी बंद, मग घरात कोणीही आलेलं असो. एकदा माझ्या ऑफिसातली सहा माणसं जेवायला आली होती आणि सासूबाईंनी कुकर नापास केला. सगळ्यांनी पाव आणि अंडी खाल्ली. त्यांना फार मजा आली, मी मात्र आठवडाभर सासूबाईंशी धड बोलत नव्हते.

हिरवी बाटली मी एका लग्नासाठी हौसेने आणली होती. ती माझ्या नखांना एकदाही लागली नाही.

हे वेड आलं कुठून, ते कळायला मला दोन वर्षं लागली. सासूबाई एकोणतीस वर्षं एका कारखान्यात होत्या. तिथे दाब मोजायचे मीटर बनत, वाफेचे, पाण्याचे, हवेचे, छोट्या घड्याळासारखे गोल. सासूबाई तपासणीच्या टेबलावर बसत. टेबलावर एक मास्टर मीटर असे, त्याच्याशी प्रत्येक नवा मीटर ताडून बघायचा. जुळला तर पाठीवर आपल्या नंबरचा शिक्का ठोकायचा, नाही जुळला तर लाल ट्रेमध्ये टाकायचा. यांचा नंबर सतरा. कारखान्यात नावाने त्यांना कुणी ओळखत नव्हतं, सगळे सतरा नंबर म्हणत.

एकदा चारशे मीटरचा माल त्याच दिवशी बाहेर जायचा होता आणि यांनी त्यातले निम्म्याहून जास्त लाल ट्रेमध्ये टाकले. मॅनेजर स्वतः टेबलापाशी आला. आधी गोड बोलला, मग आवाज चढवला, शेवटी म्हणाला, शिक्का इकडे द्या, मी ठोकतो. सासूबाईंनी शिक्का मुठीत धरला आणि त्या मुठीवर दुसरी मूठ ठेवून बसून राहिल्या. माल गेला नाही. यांना मात्र आठ महिने पॅकिंगमध्ये पाठवलं, खोके चिकटवायला. तिथे ज्या बाईंच्या शेजारी बसून खोके चिकटवले, त्या आमच्या पॅकिंगवाल्या मावशी. ती मैत्री अजून टिकून आहे. आठ महिन्यांनी वाफेचे मीटर घेणाऱ्या एका गिऱ्हाइकाकडून तक्रार आली तेव्हा कारखान्याला सतरा नंबरची आठवण झाली, आणि सासूबाई नाकावर टिच्चून परत टेबलावर जाऊन बसल्या.

निवृत्त झाल्या त्या दिवशी कारखान्याने त्यांना एक मीटर भेट दिला. गाडीच्या टायरमधली हवा मोजायचा, मखमली डबीत, पाठीवर सतराचा शिक्का. त्यांनीच तपासलेला शेवटचा मीटर. तो त्या गाडीत वापरतात, आणि गाडीसुद्धा त्यांच्याचसारखी, जुनी, ठाम आणि थोडी मोठ्याने बोलणारी.

गाडीवरून आमच्या घरात पहिल्यापासून वाद आहे. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या. पॅकिंगवाल्या मावशींना तीन वर्षांपूर्वी लकवा झाला, डावी बाजू गेली. त्यांना दर मंगळवारी आणि शुक्रवारी व्यायामाच्या दवाखान्यात सासूबाईच नेतात. दवाखाना बाहेरच्या मोठ्या रस्त्याला, जाऊन येऊन सव्वा तास. मावशींच्या मुली दूर, रिक्षावाले चढवायला उतरवायला कंटाळतात. थोडक्यात, गाडी बंद म्हणजे व्यायाम बंद आणि व्यायाम बंद म्हणजे मावशी पलंगावर. हे माझ्या नवऱ्यालाही माहीत होतं. तरी त्याचं एकच पालुपद, "आई, आता पुरे." त्याची स्वतःची गाडी नवी कोरी, काही झालं की एका नंबरवर फोन करायचा, माणूस येतो. सासूबाई विचारायच्या, "आणि माणूस येईपर्यंत तू काय करतोस?" तो म्हणायचा, "वाट बघतो." मग त्या माझ्याकडे बघायच्या, जणू त्याला मीच तसं बनवलं होतं.

त्या मंगळवारी मागचा डावा टायर गेला. भर रस्त्यात, दुपारी अडीचला, शेजारून ट्रक सणसणत जात असताना. नंतर मावशींनी मला सगळं सांगितलं. सासूबाईंनी गाडी हळूहळू कडेला घेतली, मावशींना उतरवून लांब झाडाखाली घडीच्या स्टुलावर बसवलं, पुढच्या चाकाखाली दगड लावला. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट सैल केले. नट हटेना तेव्हा पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइपाचा तुकडा चढवला आणि त्याच्यावर चक्क उभ्या राहिल्या. त्या पाइपावरही हिरवा ठिपका आहे. मग जॅक, मग स्टेपनी. चारही नट मावशींच्या मांडीवरच्या रुमालात होते आणि मावशी सवयीप्रमाणे मोजत होत्या, चार गेले, चार आले. अकरा मिनिटं लागली. दवाखान्यात त्या वीस मिनिटं उशिरा पोचल्या आणि उशीर केल्याबद्दल तिथल्या मुलीची माफीही मागितली.

मला हे ऐकून इतका अभिमान वाटला की मी मूर्खासारखं ते सगळं फोनवर नवऱ्याला सांगितलं. त्याला दिसलं ते वेगळंच. त्याला आई दिसली नाही, ट्रक दिसले. संध्याकाळी घरी आला तो गिऱ्हाईक ठरवूनच. ऑफिसातला कुणीतरी जुन्या गाडीच्या शोधात होता, तो रविवारी बघायला येणार.

"मला न विचारता?" सासूबाई म्हणाल्या.

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?"

त्या उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. मी नवऱ्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तो चिडला नव्हता, घाबरला होता, हे मला कळत होतं. पण स्वतःची भीती आवरता येत नाही म्हणून माणसाने दुसऱ्याच्या किल्लीवर हात टाकायचा, हे मला कुठल्याही बाजूने पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून त्यांच्याबरोबर टायरवाल्याकडे गेले. त्याने टायर चाकावरून उतरवला आणि आत हात घालून बाहेर काढला. तळहातावर काळा भुगा होता.

"हवा कमी ठेवून चालवलीत, आजी. कमी हवेत टायरची बगल दुमडत राहते, आतून घासते. हा तिचाच भुगा."

"आजी घरी," सासूबाई म्हणाल्या. "हवा बत्तीस असते. पंधरा दिवसांनी मी स्वतः बघते, पायाच्या पंपाने भरते."

त्याने आपला मीटर दुसऱ्या टायरला लावला. बावीस. सासूबाईंनी डबीतून आपला काढला आणि लावला. बत्तीस.

"तुमचा मीटर खोटा आहे."

"दिवसाला पन्नास गाड्या बघतो मी, बाई."

"मग पन्नास वेळा चुकत असाल."

त्याला हसू आलं, त्यांना नाही आलं. आम्ही तिथून जवळच्या पेट्रोल पंपावर गेलो. बावीस. त्यांनी तोही नापास केला आणि दुसऱ्या पंपावर गाडी घ्यायला लावली. तिथेही बावीस. मला आठवलं, महिन्याभरापूर्वी नवरा म्हणाला होता, आई, टायर बसल्यासारखे दिसतात. यांनी त्याला उडवून लावलं होतं, "डोळ्याने हवा मोजतात का?"

दुसऱ्या पंपाबाहेर त्यांनी गाडी थांबवली. मीटर मांडीवर होता. हवा नसली की काटा बरोबर शून्यावर उभा राहायचा, वर चढला की थापा मारायचा.

"तो मास्टर मीटर होता ना टेबलावर," त्या म्हणाल्या, "तोसुद्धा दर सहा महिन्यांनी बाहेरच्या प्रयोगशाळेत जायचा. रोज वापरलेली वस्तू सरकतेच. नव्या पोरी यायच्या, त्यांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवायचे. आणि हा अकरा वर्षं मी कुठे दाखवला नाही. घरातली शिडी तपासते मी, कडी तपासते. हा नाही."

"का पण?"

"मागे माझा शिक्का होता."

मी त्यांना रडताना कधी पाहिलेलं नाही आणि तेव्हाही त्या रडल्या नाहीत, पण मला भीती वाटली. मी घाईघाईने म्हटलं, "आई, आपण असं करू. खिळा घुसला होता म्हणू. नवा मीटर घेऊ, टायर तर नवा घेतोच आहोत. हे कळलं तर तो गाडी ठेवूच देणार नाही."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या मॅनेजरकडेही त्यांनी असंच पाहिलं असणार.

"तू मला माल पास करायला सांगतेस?"

त्यांनी टायरवाल्याकडे परत गाडी नेली, नवा टायर बसवून घेतला, त्याच्या मीटरने चारी चाकं आणि स्टेपनी भरून घेतली, त्याच्यासारखाच मीटर कुठे मिळतो ते विचारलं, आणि "पन्नास वेळा बरोबर असता तुम्ही" असं सांगून आल्या.

तो रविवार महिन्याचा पहिलाच होता. गिऱ्हाईक दहाला आला, सभ्य माणूस, हातात मिठाईचा पुडा. सासूबाईंनी त्याला चहा दिला, मुलाला समोर बसवलं आणि जुना मीटर टेबलावर ठेवला. काचेवर लाल ठिपका होता.

"मंगळवारी टायर गेला तो माझ्या चुकीने," त्या म्हणाल्या आणि सगळं सांगितलं. बत्तीस, बावीस, भुगा, अकरा वर्षं. एक शब्दही मऊ केला नाही.

नवऱ्याचा चेहरा उजळला. "बघ! मी काय म्हणत होतो?"

"तू मीटरबद्दल काहीच म्हणत नव्हतास. चूक मीटरची, आणि तो न तपासणाऱ्या बाईची. गाडी विकून ती दुरुस्त होते का? तुझ्या गाडीची स्टेपनी कुठे आहे?"

"डिकीत. खाली असेल."

"असेल?"

आम्ही चौघं खाली गेलो. नवऱ्याने डिकी उघडली, गालिचा उचलला, पिशव्या बाजूला केल्या. जॅक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलाच होता, कंपनीतून आला तसा. नव्या मीटरने स्टेपनीत हवा नऊ दाखवली.

"मी फोन करतो, आई. माणूस येतो."

"दोन तास चाळीस मिनिटांनी," मी म्हटलं. "मागच्या वेळी मी गाडीत होते."

गिऱ्हाइकाने मिठाईचा पुडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. नवऱ्याचे कान लाल झाले. पण तोही यांचाच मुलगा, सहज हार मानणारा नाही.

"प्रश्न स्टेपनीचा नाहीच आहे," तो म्हणाला. "अकरा वर्षांत मीटर सरकतो. तू एकाहत्तरची आहेस. तू सरकली नाहीस हे कोण सांगणार? तुला कोण तपासतं, आई?"

मला त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. सासूबाई मात्र त्याच्याकडे जरा आदराने बघत होत्या, जसं त्याच्याकडे बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मला तपासा."

"म्हणजे?"

"म्हणजे तपासा. पण तू नाही. तुला गाडी घालवायची घाई आहे, आणि माल पाठवणाऱ्याने माल तपासायचा नसतो. ही तपासेल." त्यांचं बोट माझ्याकडे होतं. "चाक काढून बसवेन. पंचवीस पावलांवरून नंबरप्लेट वाचेन. जे सांगशील ते करेन. नापास झाले तर किल्ली तुझ्या हातात. आणि हे दर सहा महिन्यांनी."

मला नको होतं ते. मी वर्षानुवर्षं त्या ठिपक्यांची चेष्टा केली होती, आणि आता बाटल्या माझ्या हातात होत्या. तरी मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर तपासणारा कुणी उरलाच नसता.

चाक त्यांनी बारा मिनिटांत काढून बसवलं. गिऱ्हाईक पाना धरायला पुढे झाला तर त्याला मागे व्हायला सांगितलं. गाडी मागे घेऊन दोन खांबांच्या मध्ये लावून दाखवली. मग मी पंचवीस पावलं मोजली आणि कोपऱ्यावर उभ्या असलेल्या एका स्कूटरपाशी जाऊन उभी राहिले. नवरा आणि तो माणूस गाडीपलीकडे जॅक आवरून ठेवत होते, त्यांना प्लेट दिसत नव्हती. दिसत होती फक्त मला आणि त्यांना.

त्यांनी आकडे वाचले. सात. शून्य. सहा. तीन.

शेवटचा आठ होता.

तेवढ्याशा वेळात मला काय काय सुचलं. एक आकडा. रस्त्यावर कोण नंबरप्लेट वाचत जातं? मावशींचा मंगळवार दोन दिवसांवर आला होता. मी मान हलवली असती तर कुणालाही, कधीही कळलं नसतं.

"परत वाचा, आई."

"तीन."

"आठ आहे," मी म्हटलं.

त्या पंचवीस पावलं चालत आल्या, प्लेटसमोर वाकल्या, आठवर बोट फिरवलं. मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि अंगठा पुढे केला.

"लाल."

मी लावलं, ते नखाबाहेरही गेलं. तेवढ्यात नवरा आला. जिंकला होता, पण चेहरा जिंकलेल्याचा नव्हता. "राहू दे ना, आई," तो म्हणाला. "मी काही एवढं..."

"गप्प बस. तपासणी चालू आहे."

गिऱ्हाइकाने घसा साफ केला. "मग, गाडीचं काय ठरलं?"

"गाडी पास आहे," सासूबाई म्हणाल्या. "माणूस नापास झालाय, तोही चष्म्यापुरता. चष्मा बदलेन, फेरतपासणी होईल. तोवर गाडीला कुणी हात लावायचा नाही. तुम्ही जेवून जा."

तो जेवून गेला. जाताना त्याने मला हळूच विचारलं की नवा मीटर कुठून आणला.

मंगळवारी मी रजा टाकली आणि गाडी मी चालवली. सासूबाई शेजारी बसून माझं क्लच नापास करत होत्या. गाडीत बसताना मावशींनी सासूबाईंचा अंगठा पाहिला आणि उजव्या अर्ध्या तोंडाने खूप हसल्या. "सतरा नंबर लाल ट्रेमध्ये?"

"फेरतपासणी आहे," सासूबाई म्हणाल्या. "खोके चिकटवायला यायचंय का परत?"

गुरुवारी नवा चष्मा आला. त्याच कोपऱ्यावर, त्याच पंचवीस पावलांवरून त्यांनी दुसऱ्याच एका स्कूटरचा नंबर वाचला, आणि प्लेटखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं दुकानाचं नावही मी न विचारता वाचलं. मी लाल पुसलं आणि हिरवं लावलं. या वेळी नखाबाहेर थेंबही गेला नाही. घरी आल्यावर नवऱ्याने तो अंगठा पाहिला आणि खाली जाऊन आपल्या गाडीच्या जॅकवरचं प्लॅस्टिक फाडत बसला.

जुना मीटर आता स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला आहे, शिक्क्याची बाजू पुढे करून. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारलं की त्या सांगतात, "हा माझा. नापास आहे."

शुक्रवारी त्या मावशींना न्यायला निघाल्या तेव्हा मी मुद्दाम शेजारी जाऊन बसले. ऑफिसला उशीर झाला तर झाला. रविवारपासून एक गोष्ट मनात सलत होती.

"आई, कधीतरी असा लाल लागेल की चष्म्याने पुसला जाणार नाही."

"लागेल."

"त्या दिवशी माझा हात उचलला नाही तर?"

त्यांनी आरसा सारखा केला, मागे पाहिलं, किल्ली फिरवली.

"रविवारी उचललास ना," त्या म्हणाल्या. "म्हणून तर पुढेही तूच तपासायचं. बेल्ट लाव, ती वाट बघत असेल."